अणुवीज, सरकारी पैसा आणि उशिराचं व्याज

मे महिन्यात नागपुरात रात्री बाराला भिंतीला हात लावला तरी चटका जाणवतो. कूलरची टाकी दिवसातून दोनदा भरावी लागते आणि त्या महिन्याचं बिल आलं की ते घरात हातोहात फिरतं. यंदा ते माझ्या भाचीच्या हातात गेलं. ती आमच्याकडे राहून एमपीएससीची तयारी करते. दिवसभर अभ्यासिकेत असते आणि रात्री साडेनऊला जेवायला घरी येते. बिलावरच्या ओळी ती मोठ्याने वाचत गेली: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क १६ टक्के. मग ताटावरून मान वर करून म्हणाली, "मामा, आमच्या नोट्समध्ये लिहून आहे का अणुवीज स्वस्त पडते. अन् पुढच्याच पानावर लिहून आहे का सरकारनं तिला पैसा द्यावा की नाही यावर जगभर वाद सुरू आहे. स्वस्त आहे तर सरकारला पैसा कशाला टाकावा लागते?"

माझी एकतीस वर्षं बँकेत गेली आणि त्यातली बरीच मोठ्या कर्जांच्या फायली तपासण्यात. तिच्या नोट्समधली दोन्ही वाक्यं खरी आहेत. ती एकमेकांच्या विरोधातली वाटतात, कारण त्यांच्या मधली एक गोष्ट सहसा कोणी समजावून सांगत नाही. ती गोष्ट म्हणजे व्याज.

आधी कोळशाचं बघू, कारण ते आपल्या अंगणातलं आहे. कोराडीच्या देवीला जाताना तलावापलीकडे जी धुराडी दिसतात, तिथे ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत. असा एक संच पूर्ण भाराने चालला तर त्याला दिवसाला ढोबळमानाने दोन मालगाड्या कोळसा लागतो. म्हणजे कोळशाच्या विजेतला मोठा खर्च रोजच्या रोज होतो. संच थांबवला की कोळसा वाचतो, आणि कोळसा महागला की आपल्या बिलात ‘इंधन समायोजन’ नावाची ओळ फुगते. अणुभट्टीचं गणित उलटं चालतं. ७०० मेगावॉटच्या भट्टीचं वर्षभराचं युरेनियम मोजक्या ट्रकांत मावतं. इंधनाचा खर्च थोडा, पण पहिलं युनिट तयार होण्याआधीच काँक्रीट, पोलाद, पंप, टर्बाइन आणि सुरक्षेच्या दुहेरी-तिहेरी व्यवस्था यांत जवळपास सगळा पैसा जाऊन बसलेला असतो. पुढे भट्टी चाळीस-साठ वर्षं चालते आणि कर्ज फिटल्यावर तिची वीज खरोखर स्वस्त पडते. आपल्याच राज्यातल्या तारापूरचे पहिले दोन संच १९६९ मध्ये सुरू झाले आणि पुढची कित्येक वर्षं त्यांची वीज देशातल्या सर्वांत स्वस्त विजेत मोजली गेली. भाचीच्या नोट्समधलं पहिलं वाक्य तिथून आलेलं आहे.

म्हणून अणुवीज स्वस्त की महाग, हे कोणाला विचारता यावर उत्तर ठरतं. वडिलोपार्जित घरात राहणारा आणि दरमहा हप्ता भरणारा, दोघांना ‘घर परवडतं का’ असं विचारलं तर उत्तरं वेगळी येणारच.

माझ्या धाकट्या भावाने बेसाच्या पुढे एक फ्लॅट घेतला होता. बिल्डरने तीन वर्षांत ताबा देण्याचं कबूल केलं होतं, लागली सात. त्या सात वर्षांत भाऊ एकीकडे भाड्याच्या घराचं भाडं देत होता आणि दुसरीकडे बँकेला प्री-ईएमआय भरत होता. म्हणजे मुद्दल एक रुपयानेही कमी न होता नुसतं व्याज. फ्लॅटची किंमत करारात होती तेवढीच राहिली, पण ताबा मिळाला तेव्हा त्याला तो कितीला पडला होता हे त्याने मला एका संध्याकाळी आकडे मांडून दाखवलं. मी बँकेत असूनही तो आकडा ऐकून गप्प झालो. अणुप्रकल्पाचं दुखणं हेच आहे, फक्त रक्कम हजारो कोटींची असते आणि ताबा मिळेपर्यंत कधी कधी बारा-चौदा वर्षं जातात. आमच्या फायलींत या खर्चाला ‘बांधकाम काळातलं व्याज’ म्हणायचे. प्रकल्प अहवालातली ती ओळ मी नेहमी सगळ्यात आधी उघडायचो.

भाचीच्या वहीचं शेवटचं पान मागून घेतलं आणि दोन रकाने आखले. समजा, ७०० मेगावॉटची एक अणुभट्टी बांधायला, व्याज सोडून, १२,००० कोटी रुपये लागतात. भागाकार सोपा जावा म्हणून हा गोल आकडा. दरवर्षी सारखा पैसा उचलायचा आणि व्याज साचू द्यायचं. काम सहा वर्षांत झालं तर दरवर्षी २,००० कोटी, बारा वर्षं लागली तर दरवर्षी १,००० कोटी. मग दोन व्याजदर घेतले. बाजारातून पैसा उचलला तर १० टक्के, आणि सरकार पाठीशी उभं राहिलं म्हणून ५ टक्के. प्रत्यक्षात हा फरक देशागणिक कमीजास्त असतो. डोळ्यात भरावा म्हणून मी मोठा घेतला.

१० टक्क्यांनी आणि सहा वर्षांत काम झालं तर सुरू होण्याच्या दिवशी डोक्यावर १५,४३१ कोटींचा बोजा असतो. त्याच १० टक्क्यांनी बारा वर्षं लागली तर २१,३८४ कोटी. काँक्रीट तेवढंच, पोलाद तेवढंच, आणि सुमारे ६,००० कोटी निव्वळ उशिराचे. आपल्याकडे सावकारीत दामदुपटीचा नियम होता, थकलेलं व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचं नाही. प्रकल्पाच्या कर्जाला तसा लगाम नसतो. या जादा ६,००० कोटींवरच पुढे १० टक्क्यांनी वर्षाला सुमारे ५९५ कोटी व्याज चढतं. ७०० मेगावॉटची भट्टी ८५ टक्के क्षमतेने चालली तर वर्षाला साधारण ५२१ कोटी युनिट वीज देते. भागून बघा: प्रत्येक युनिटमागे १ रुपया १४ पैसे, आणि ते कशाचे, तर फक्त उशीर झाल्याचे.

आता ५ टक्क्यांचा रकाना. सहा वर्षांत १३,६०४ कोटी. बारा वर्षांत १५,९१७ कोटी.

भाचीने कॅल्क्युलेटरवर दोनदा तपासलं आणि मग १५,४३१ आणि १५,९१७ या दोन आकड्यांभोवती पेन्सिलने गोल केला. "हे तर जवळपास सारखेच आहे," ती म्हणाली. तिने बरोबर तिथेच बोट ठेवलं. महाग कर्जावर वेळेत झालेलं काम आणि स्वस्त कर्जावर सहा वर्षं रखडलेलं काम, दोन्हींची किंमत कागदावर एकसारखी दिसते. सरकारी मदतीच्या बाजूने आणि विरोधात जगभर जे बोललं जातं, त्याचा बराचसा भाग या दोन गोलांमध्ये आहे. बाजूचे म्हणतात, बघा, नुसतं व्याज उतरवलं तर अणुवीज परवडते. विरोधक म्हणतात, बघा, स्वस्त पैशाने सहा वर्षांचा उशीर झाकून टाकला आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. गणित दोघांचंही चुकलेलं नाही.

सहा आणि बारा हे आकडे मी हवेतून घेतले नव्हते. तारापूरच्या चौथ्या संचाचं पहिलं काँक्रीट मार्च २००० मध्ये पडलं आणि सप्टेंबर २००५ मध्ये तो व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागला. साडेपाच वर्षं, आणि तेही ठरलेल्या मुदतीच्या आत. गुजरातेतल्या काक्रापारच्या तिसऱ्या संचाचं काम नोव्हेंबर २०१० मध्ये सुरू झालं आणि जून २०२३ मध्ये संपलं. साडेबारा वर्षं. राजस्थानातल्या सातव्या संचाला तर २०११ ते एप्रिल २०२५, म्हणजे पावणेचौदा वर्षं लागली. तिन्ही बांधणारी संस्था एकच, सरकारी मालकीचं न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन. काक्रापार हा ७०० मेगावॉटच्या स्वदेशी आराखड्याचा पहिलाच संच होता आणि पहिल्या वेळी हात बसायला वेळ लागतो, हे मान्य करायला हवं. तरी तारापूर आपल्याच लोकांनी करून दाखवलेलं आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे, म्हणून बाकीच्यांकडून तीच अपेक्षा ठेवतो.

आता ‘सरकारी मदत’ म्हणजे नेमकं काय, ते बघू. हे शब्द ऐकले की डोळ्यांपुढे अनुदानाचा चेक येतो. अणुविजेत चेक क्वचितच दिसतो. भारतात तर मदत दिसतच नाही, कारण मालकच सरकार आहे. १९८७ पासून कॉर्पोरेशन प्रकल्प बांधतं, साधारण ३० टक्के भागभांडवल आणि ७० टक्के कर्ज या हिशेबाने. २०१७ मध्ये केंद्राने ७०० मेगावॉटच्या दहा भट्ट्यांना एकगठ्ठा मंजुरी दिली, अंदाजे खर्च १,०५,००० कोटी. त्यातल्या भागभांडवलासाठी दहा वर्षं दरवर्षी ३,००० कोटी अर्थसंकल्पातून द्यायचं ठरलं. कुडनकुलमच्या पहिल्या दोन संचांना रशियाचं सरकारी कर्ज आहे. त्यांची मूळ मंजूर किंमत १३,१७१ कोटी होती, ती २२,४६२ कोटींवर गेली. शिवाय अणुऊर्जा विभागाच्या प्रयोगशाळा, खनिजाचा शोध, भट्टीत लागणारं जड पाणी, इंधन बनवणं, हे सगळं सरकारी तिजोरीतून उभं राहिलं. त्या शोधाचं एक प्रादेशिक कार्यालय आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये आहे, अणुखनिज संचालनालयाचं. कित्येक नागपूरकर रोज त्याच्या फाटकावरून जातात.

यातलं काही चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. साठच्या दशकात दुसरं कोणी हे केलंच नसतं. पण मालक, सावकार आणि दर ठरवणारा एकच असला की मदत किती झाली हे मोजायला जागा राहत नाही. १९६२ च्या कायद्यानुसार अणुविजेचा दर अणुऊर्जा विभागच जाहीर करत आला, बाकीच्या विजेसारखी नियामक आयोगापुढे उघड सुनावणी होऊन नाही. महावितरण दरवाढ मागतं तेव्हा इथले ग्राहक प्रतिनिधी कागदपत्रं घेऊन सुनावणीला उभे राहतात आणि एकेक खर्च विचारतात. अणुविजेच्या खर्चाला असे प्रश्न विचारणारं कोणी समोर नव्हतं.

परदेशात खासगी किंवा दुसऱ्या देशाच्या कंपन्या असल्याने ही मदत करारात लिहावी लागते, म्हणून ती दिसते. ब्रिटनचं उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं, कारण तिथे एकाच आराखड्याची दोन केंद्रं दोन निराळ्या तऱ्हांनी उभी राहताहेत.

पहिलं हिंकली पॉइंट सी. सरकारने बांधणाऱ्याला सांगितलं, पैसा तुझा, उशीर तुझा, फक्त वीज सुरू झाली की ३५ वर्षं आम्ही ठरलेला भाव देऊ. तो भाव २०१२ च्या किमतींनुसार मेगावॉट-तासाला ९२.५० पाऊंड, म्हणजे युनिटला सव्वानऊ पेन्स, आणि महागाईप्रमाणे वाढत जाणारा. आपल्याकडे शेतमालाला हमीभाव असतो, तसाच हा विजेचा हमीभाव, फक्त बाजार पडला तर फरक ग्राहकाच्या बिलातून भरायचा. भाव फार चढा दिला म्हणून तिथे मोठी टीका झाली. पण २०१६ मध्ये १८ अब्ज पाऊंडांचा अंदाज असलेलं काम २०२४ पर्यंत, त्याच २०१५ च्या किमतींत, ३१ ते ३५ अब्जांवर गेलं आणि २०२५ ची मुदत २०२९ ते २०३१ पर्यंत घसरली, तेव्हा ब्रिटिश ग्राहकाला त्याची झळ लागली नाही. झळ बांधणाऱ्या फ्रेंच ईडीएफ कंपनीला लागली. तिच्या चिनी भागीदाराने जादा पैसा घालायचं थांबवलं. आणि ईडीएफ तर २०२३ मध्ये पूर्णपणे फ्रेंच सरकारच्या मालकीची झाली. म्हणजे इंग्लंडच्या किनाऱ्यावर होणाऱ्या उशिराचं ओझं फिरून फ्रान्सच्या करदात्यापर्यंत पोहोचलं.

हे बघितल्यावर त्या अटींवर दुसरं केंद्र बांधायला कोणी पुढे येईना. म्हणून साइझवेल सी साठी ब्रिटनने २०२२ मध्ये कायदाच केला. आता ग्राहकाने बांधकाम चालू असतानाच बिलातून थोडा थोडा पैसा द्यायचा. सरकारी अंदाजाप्रमाणे घरामागे महिन्याला साधारण एक पाऊंड. शिवाय सरकार स्वतः ४४.९ टक्क्यांचं भागीदार झालं. जुलै २०२५ मध्ये ३८ अब्ज पाऊंडांच्या या कामाला अंतिम मंजुरी मिळाली. ग्राहक आधीपासून पैसा देतो म्हणून व्याज साचत नाही आणि गुंतवणूकदाराला धास्ती कमी, म्हणून तो कमी परताव्यावर तयार होतो. वहीतल्या पाच टक्क्यांच्या रकान्यात जायची ही वाट. पण उशीर झाला तर त्यातला मोठा वाटा आता बिल भरणाऱ्या घरांचा.

या वाटेवर काय होऊ शकतं, ते अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्याने भोगलं. तिथे २००७ मध्ये कायदा झाला की बांधकाम चालू असताना ग्राहकांकडून पैसे घेता येतील. दोन अणुभट्ट्यांसाठी नऊ वेळा दर वाढवले गेले. जुलै २०१७ मध्ये, सुमारे ९ अब्ज डॉलर खर्च झाल्यावर, काम सोडून दिलं. एक युनिट वीज मिळाली नाही आणि लोक नंतरही बिलातून पैसे भरत राहिले. शेजारच्या जॉर्जिया राज्यात त्याच आराखड्याच्या दोन भट्ट्या पूर्ण झाल्या, २०२३ आणि २०२४ मध्ये. मुदत उलटल्यावर सात वर्षांनी आणि १४ अब्ज डॉलरच्या जागी ३० अब्जांहून जास्त खर्च करून, अमेरिकन सरकारच्या सुमारे १२ अब्ज डॉलरच्या कर्जहमीच्या आधाराने.

या ‘हमी’ शब्दाजवळ मला थोडं थांबायचं आहे, कारण नोकरीत सगळ्यात जास्त गैरसमज मी याच शब्दाचे पाहिले. हमीत पैसा हातातून जात नाही, म्हणून ती फुकट आहे असं वाटतं. बँक एखाद्या कंत्राटदाराची हमी घेते तेव्हा ती दरवर्षी कमिशन घेते आणि तारणही ठेवून घेते, कारण तो बुडाला तर पैसे बँकेने भरायचे असतात. ते कमिशन म्हणजेच जोखमीची किंमत. सरकार हमी देतं तेव्हा कमिशन बहुधा नाममात्र असतं. कर्जाचा दर पडतो, सगळे खूश होतात, पण जोखीम कमी झालेली नसते. ती सावकाराच्या वहीतून उठून तुमच्याआमच्या वहीत येऊन बसते, आणि आपल्याला तसं कळवणारं पत्र येत नाही.

याहून मोठी आणि कोणत्याच ताळेबंदात न दिसणारी मदत म्हणजे अपघाताच्या भरपाईची मर्यादा. अमेरिकेने १९५७ मध्येच असा कायदा केला, कारण अमर्याद जबाबदारी घ्यायला एकही विमा कंपनी तयार नव्हती. आपला कायदा २०१० मध्ये आला. चालवणाऱ्याची जबाबदारी १,५०० कोटींपर्यंत, त्यावर ठरावीक मर्यादेपर्यंत केंद्र सरकार. मात्र आपल्या कायद्यात एक कलम असं होतं की सदोष सामान पुरवणाऱ्यावरही भरपाईची रक्कम वसूल करायला उलटून जाता येईल. ते कलम भोपाळच्या आठवणीतून आलं होतं. जून २०१० मध्ये भोपाळ खटल्याचा निकाल लागला, आरोपींना झालेली तुटपुंजी शिक्षा ऐकून देश हळहळला, आणि त्याच वर्षी हा कायदा संसदेत होता. नागपूरहून रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी भोपाळ येतं. आमच्या पिढीला १९८४ चा डिसेंबर कोणी समजावून सांगावा लागत नाही. परदेशी पुरवठादारांना हे कलम नको होतं, आणि माडबनच्या पठारावर जैतापूरचा ९,९०० मेगावॉटचा प्रकल्प इतकी वर्षं कागदावर राहिला त्यात या कलमाचाही वाटा आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने शांती या नावाने ओळखला जाणारा नवा कायदा मंजूर केला. १९६२ चा आणि २०१० चा, दोन्ही कायदे त्याने मागे घेतले. खासगी कंपन्यांना अणुवीज केंद्र बांधायला आणि चालवायला दार उघडलं. चालवणाऱ्याच्या जबाबदारीची मर्यादा भट्टीच्या आकाराप्रमाणे १०० कोटींपासून ३,००० कोटींपर्यंत ठरली. पुरवठादारावर उलटून जाण्याचा हक्क करारात लिहिलेला असेल किंवा कोणी मुद्दाम नुकसान केलं असेल तरच उरला. या आकड्यांच्या शेजारी एक आकडा ठेवून बघा. फुकुशिमाच्या अणुअपघाताचा खर्च जपान सरकारने २०१६ मध्ये २१.५ लाख कोटी येन धरला होता, म्हणजे १२ लाख कोटी रुपयांहून जास्त. असा अपघात अतिशय दुर्मीळ, हे खरं आहे आणि अणुतंत्रज्ञांच्या काळजीवर माझा विश्वास आहे. पण विमेदाराच्या नजरेने पाहिलं तर ३,००० कोटींच्या वरचा विमा हप्ता न घेता जनतेने उतरवलेला आहे. त्याला मदत म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

विरोधकांचा सगळ्यात जोरदार मुद्दा मात्र वेगळाच आहे: हाच पैसा दुसरीकडे घातला तर? सौर विजेचे लिलाव आज युनिटला अडीच रुपयांच्या आसपास उतरतात आणि सौर प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो. वहीतला उशिराचा रकाना तिथे जवळपास रिकामाच असतो. आमच्याच गच्चीवर ३ किलोवॉटचे पॅनल आहेत, सूर्यघर योजनेत त्याला ७८,००० रुपये अनुदान मिळालं. मग सौर विजेलाही मदत आहेच की, असं भाची म्हणाली. आहेच. कोळशालाही आहे. वीजकेंद्राच्या कडेला राहणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका घरी गच्चीवर वाळत घातलेले कपडे झटकून घडी करावे लागतात, राख पडते म्हणून. पापडाचं वाळवण तर त्यांनी केव्हाच सोडलं. तो त्रास, ती औषधं, त्या राखेखालची जमीन विजेच्या दरात धरलेली नसते. ते लोक कोळशाच्या विजेला महिन्याच्या महिन्याला अनुदान देताहेत, फक्त त्याची पावती कोणी फाडत नाही.

अणुविजेच्या बाजूने मला पटणारी गोष्ट रात्रीची आहे. मे महिन्यात आमच्या पॅनलचा आकडा संध्याकाळी साडेसहाला शून्यावर येतो आणि त्याच सुमारास गल्लीतले सगळे एसी सुरू होतात. पहाटे तीनपर्यंत ते चालतात. बॅटऱ्या स्वस्त होताहेत, संध्याकाळचे तीन-चार तास त्या सांभाळतील असं दिसतं. पण पावसाळ्यात आठ-आठ दिवस आभाळ भरलेलं असताना अख्ख्या राज्याची मागणी भागवायची तर आज एक तर कोळसा, नाही तर अणू. चोवीस तास, धूर न सोडता, थोड्या जागेत वीज देणारी दुसरी सोय आपल्याकडे फार नाही. त्यासाठी सरकारने पैसा घालावा, अशा मताचा मी आहे.

पण कसा घालावा, यावर खरं घोडं अडतं. २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारने २०४७ पर्यंत १ लाख मेगावॉट अणुविजेचं लक्ष्य जाहीर केलं आणि छोट्या भट्ट्यांच्या संशोधनासाठी २०,००० कोटींची मोहीम मांडली. राजस्थानचा सातवा संच जोडला गेला तेव्हा आपली सगळी मिळून क्षमता ८,८८० मेगावॉट होती. उरलेले ९१,००० मेगावॉट २०१७ च्या त्या दहा भट्ट्यांच्या दराने, मेगावॉटला १५ कोटी धरून बांधले, तरी साडेतेरा लाख कोटींच्या वर खर्च जातो. एवढा पैसा एकट्या तिजोरीतून येणार नाही. म्हणून खासगी भांडवल बोलावलं आहे, आणि ते येताना हमीभाव, कर्जाची हमी, जबाबदारीची मर्यादा, यांपैकी काही ना काही मागणारच. मागू द्या. मी त्यांच्या जागी असतो तर मीही मागितलं असतं.

माझं म्हणणं एवढंच, की मदत कोणत्याही रूपात द्या, पण उशिराची किंमत करारात आधी लिहा. सातव्या वर्षाचं व्याज कोणाचं, नवव्याचं कोणाचं, काम सोडून दिलं तर ग्राहकाने भरलेले पैसे परत कसे मिळणार. हे ठरलं नाही तर स्वस्त कर्ज तारापूरसारख्या कामाला आणि काक्रापारसारख्या कामाला एकाच तराजूत तोलतं आणि वेळेत काम करणाऱ्याला काही बक्षीसच उरत नाही. पहिल्या एक-दोन भट्ट्यांना शिकण्याची सूट द्यावी, कारण शिकलेलं पुढच्या दहांना उपयोगी पडतं. पाचव्या-सहाव्या भट्टीला तीच सूट मागितली गेली तर नाही म्हणता आलं पाहिजे. भट्टी शेवटी मोडायचा खर्चही यातच आला. आपल्याकडे त्यासाठी युनिटमागे २ पैसे बाजूला काढले जातात. ते पुरतात की नाही हे तारापूरच्या जुन्या संचांवर कधीतरी काम सुरू होईल तेव्हा दिसेल.

भाचीने विचारलं, "मग हे आपल्याला दिसते कुठं?" थोडंफार दिसतं. फेब्रुवारीत अर्थसंकल्प आला की अणुऊर्जा विभागाच्या मागण्यांचं पुस्तक संकेतस्थळावर येतं. त्यात न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनला भागभांडवल म्हणून किती दिलं ते असतं. सरकारने कोणाकोणाला किती हमी दिल्या याचंही एक परिशिष्ट अर्थसंकल्पासोबत असतं. बहुतेक लोक करसवलतींचं पान वाचून थांबतात, ते परिशिष्ट कोणी उघडत नाही. आणि राजस्थानात माही बांसवाड्याला ७०० मेगावॉटचे चार संच होऊ घातले आहेत, सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांची पायाभरणी झाली. तिथे पहिलं काँक्रीट पडल्याची बातमी आली की वहीच्या त्या शेवटच्या पानावर तारीख लिहून ठेव, असं मी तिला सांगितलं. तिने ‘माही बांसवाडा’ लिहून पुढे जागा सोडली आहे.